आभारातलं नाव

अश्लेषाने पडद्यावरचं नाव जरा मोठं केलं आणि खुर्ची मागे सरकवली.

“अजून,” मागे उभ्या असलेल्या मेहरनूशबाई म्हणाल्या. “शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाचता आलं पाहिजे.”

काळ्या पार्श्वभूमीवर ‘विशेष आभार’ होतं आणि त्याखाली एकटं, ठसठशीत ‘सियामक बर्जेगर’. त्याच्या वरच्या बहुतेक ओळी कोऱ्या होत्या. कॅमेरा, कोरी. ध्वनी, कोरी. इराणात चोरून चित्रपट करणारी माणसं असंच करतात. जो अजून देशात आहे त्याचं नाव छापायचं नाही, कारण नामावली पोलीसही वाचतात. सियामकही देशातच होता, आणि नेमकं म्हणूनच बाईंना त्याचं नाव छापायचं होतं.

तेहरानात बाई अकरा वर्षं स्वतंत्र निर्मात्या होत्या आणि सियामक त्यांचा उजवा हात. या चित्रपटाच्या तीन प्रती तीन घरांत लपवलेल्या होत्या. बाईंखेरीज तिन्ही पत्ते फक्त त्याला ठाऊक होते. एका सकाळी तिन्ही घरांवर छापे पडले. बाईंना चौदा महिने तुरुंगवास झाला, आणि ध्वनीवाला पोरगेलासा माणूस तिथून परत आलाच नाही. चौथी प्रत दंतवैद्याकडे ठेवल्याचं बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ती घेऊन त्या आइंडहोवन या डच शहरात आल्या आणि जुन्या कारखान्यातल्या या खोलीत नऊ वर्षं ते एकच काम पुरं करत राहिल्या. बाई गोड बोलायच्या, पण मनातलं एक अक्षरही पुसू द्यायच्या नाहीत.

पुण्यात संकलन करणारी अश्लेषा नवऱ्याच्या, सारंगच्या, शेजारच्या फेल्डहोवनमधल्या नोकरीपायी इकडे आली आणि बाईंच्या हाताखाली लागली. दोघींचं बोलणं इंग्रजीत चालायचं. गेल्या महिन्यात हे नाव पहिल्यांदा टाइप करताना तिचे हात थांबले होते.

“त्याला उचलतील हो.”

“मी तर आभार मानतेय. आभार मानणं काय गुन्हा आहे?”

“नाव काढू या ना. प्लीज.”

बाईंनी ऐकलं नाही. घरी तिने सारंगला सांगितलं, तेव्हा तो डबा भरता भरता म्हणाला होता, “अगं, तू फक्त टायपिंग करतेयस. उगाच त्यांच्या पॉलिटिक्समध्ये पडू नकोस.” तिला त्याचा राग आला होता.

आज संध्याकाळी फाइल महोत्सवाला जायची होती. अकराच्या सुमारास बेल वाजली. अश्लेषाने दार उघडलं. दारात पिकल्या दाढीचा, मापाला न बसणाऱ्या कोटातला माणूस उभा होता.

“मेहरनूश खानम आहेत? मी सियामक.”

त्याचा आवाज आतपर्यंत गेला असावा. अश्लेषा वळली तेव्हा बाईंनी पडदा बंद केलेला होता.

तो फारसीत बोलू लागला. बाईंनी हात वर केला. “इंग्रजीत बोला. हिलाही ऐकू दे.” मग त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा ओतला, साखरेचे खडे पुढे केले.

तो तीन आठवड्यांपूर्वी देश सोडून आला होता. नायमेखनजवळ निर्वासितांच्या केंद्रात राहत होता. गुरुवारी आश्रयाच्या अर्जासाठी त्याची मुलाखत होती आणि तिकडे आपल्या जिवाला धोका आहे हे दाखवणारा एक कागदही त्याच्याजवळ नव्हता.

“चित्रपट येतोय असं ऐकलं. त्यात माझं नाव घाला. एक ओळ पुरे. नाहीतर ते मला परत पाठवतील.”

“तेव्हा का सांगितलंत?”

“त्यांनी मुलीच्या कॉलेजचा पत्ता वाचून दाखवला.”

“तीन पत्ते होते. दोन सांगून भागलं नसतं?”

त्याने चहाचा पेला खाली ठेवला. “या वर्षी पुन्हा नावं मागितली. दुसऱ्या कुणाची तरी. या वेळी मी दिली नाहीत, खानम. म्हणून तर पळावं लागलं.”

हे खरं आहे असं अश्लेषाला वाटलं. बाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी त्याचा पेला पुन्हा भरला.

“आपण या चित्रपटासाठी जे केलंत ते मी विसरणं शक्य नाही,” त्या फार अदबीने म्हणाल्या. “पण आपल्या माणसांची नावं आम्ही छापत नाही. आपल्या जिवाला धोका होईल असं काही माझ्या हातून कसं होईल?”

तो उठला, छातीवर हात ठेवून वाकला आणि गेला. जाताना त्याने दार हळूच ओढून घेतलं.

बाईंनी पडदा सुरू केला. नाव तिथेच होतं.

“काढ.”

“बाई, नाव तर आहेच की. राहू द्या. त्याला परत पाठवतील ते.”

“गेल्या महिन्यात काढा म्हणून कोण मागे लागलं होतं?”

तेव्हा माणूस वाचावा म्हणून अश्लेषा भांडली होती, आणि आताही त्याचसाठी भांडत होती. भांडून तेव्हा काही झालं नव्हतं. तिने नावावर कर्सर नेला आणि थांबली. बाईंनी घाई केली नाही. खाली कुणीतरी सायकलचं कुलूप उघडत होतं. शेवटी तिने ते काढलं.

“आता तेहरानात त्याला काही भीती नाही,” बाई म्हणाल्या. “गुरुवारी मुलाखत घेणाऱ्यालाही हेच वाटेल.”

त्यांनी तिच्या खांद्यावर मायेने हात ठेवला आणि फाइल पाठवायला सांगितलं.