एक नर्स म्हणून मला

तिनं ‘पूर्ण’ या रकान्यातलं पिवळं कार्ड भिंतीवरून ओरबाडून काढलं, तेव्हा चिकटपट्टीबरोबर रंगाचा एक पोपडाही निघून आला.

“हे इथे लावलं कुणी?”

सकाळची उभी बैठक चालू होती. बैठक म्हणायचं, पण बसायचं नाही. बसलं की माणसं लांबण लावतात. रोज पंधरा मिनिटं भिंतीसमोर उभं राहून प्रत्येकानं काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय, एवढंच सांगायचं. भिंतीवर तीन रकाने: करायचं, चालू, पूर्ण; आणि त्यांत प्रत्येक कामाचं एक पिवळं कार्ड, वापरणाऱ्याच्या तोंडून बोलल्यासारखं लिहिलेलं. रुग्णालयासाठीचं सॉफ्टवेअर थोडं थोडं तयार करायचं, दर पंधरवड्याला ते वापरणाऱ्याला दाखवायचं आणि तो नाक मुरडेल तिथे लगेच दुरुस्त करायचं, अशी ही पद्धत. पद्धत शहाणीच होती. फक्त या खोलीत वापरणारं माणूस आजवर एकदाही आलं नव्हतं. यायचे ते रुग्णालयाच्या कार्यालयातले दोन साहेब. चहा घ्यायचे, माना डोलवायचे आणि जायचे.

ती या गटातल्या तीन टेस्टरांपैकी एक, तयार झालेलं तपासून बघणारी. प्रत्येक गोष्टीत खोट काढते म्हणून सगळे तिला शंकाबाई म्हणत, आणि मनातून तिला ते आवडायचंही. आज मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“‘एक नर्स म्हणून मला दिलेल्या औषधाची नोंद पेशंटच्या खाटेपाशीच करता यायला हवी,’” तिनं कार्ड मोठ्यानं वाचलं. “झालं हे? पूर्ण झालं?”

“झालं म्हणूनच तिथे आहे,” गटप्रमुख म्हणाले. त्यांच्या हातात एक छापलेलं पत्र होतं. “आणि ते तिथेच राहू दे. चारच्या आत हे पत्र रुग्णालयाला जायचंय.”

पत्रात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. दहा दिवसांपूर्वी एका नर्सनं एका आजोबांना इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं. नोंद सापडली नाही, म्हणून पुढच्या पाळीतल्या मुलीनं दुसरं दिलं. आजोबा थोडक्यात वाचले. पहिली नर्स म्हणत होती, मी नोंद करायला घेतली होती. पत्र म्हणत होतं, सॉफ्टवेअर तपासलेलं आहे, त्यात दोष नाही. नोंद नाही याचा अर्थ ती केलीच गेली नाही. चार वाजता चौकशी होती. पत्र गेलं की नर्सची बावीस वर्षांची नोकरी गेली.

ती नर्स शंकाबाईची थोरली बहीण होती. हे खोलीत कुणालाही माहीत नव्हतं.

“तीन मिनिटं हात लागला नाही तर स्क्रीन आपोआप बंद होते,” प्रोग्रॅमर खाली बघत म्हणाला. त्याला सगळे दाढी म्हणत. “सुरक्षेसाठी आहे ते. अर्धवट भरलेलं असेल तर जातं.”

“जातं? आणि हे तू आत्ता सांगतोयस?”

“कार्डावर तसं काही नव्हतं.”

“कार्डावर नव्हतं!” तिचा आवाज पलीकडच्या खोलीपर्यंत गेला. “लाज वाटते का रे कुणाला? ‘एक नर्स म्हणून मला.’ या खोलीत कुणी नर्स पाहिलीय तरी? नुसत्या पाट्या टाकायच्या, पिवळे कागद इकडून तिकडे सरकवायचे, आणि अंगाशी आलं की खापर फोडायला ती बाई आहेच! कोण शहाणा होता तो? कुणी तपासलं हे?”

दाढीनं एकदा प्रमुखांकडे पाहिलं.

“मागं बघ,” तो हळूच म्हणाला.

कार्ड ‘पूर्ण’मध्ये सरकवणाऱ्यानं मागे सही करायची, हा या गटाचा रिवाज होता. तो तिनंच हट्टानं पाडला होता, उद्या कुणी कानावर हात ठेवू नये म्हणून. तिनं कार्ड उलटलं. मागे तारीख होती आणि सही तिची होती.

तो दिवस तिला आठवला. तीन वाजता साहेब येणार होते आणि दुपारपर्यंत अकरा कार्डं तपासायची होती. तिनं खुर्चीत बसून नोंद भरली होती. चाळीस सेकंदांत झाली. रीत म्हणून तिनं ती वीस वेळा भरली, चुकीचे नंबर टाकून पाहिले, उलटसुलट तारखा टाकल्या. अर्ध्यातून ती एकदाही उठली नव्हती. तिला उठवणारं तिथे कुणी नव्हतंच.

आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती जास्त लागली. एकदा जेवताना ताई म्हणाली होती, “तुमचं ते यंत्र ना, जरा पाठ फिरवली की सगळं विसरतं बघ.” तेव्हा ती म्हणाली होती, “ताई, जेवताना कामाचं नको गं.” ताई हसली होती. पुन्हा तिनं तो विषय काढला नव्हता.

“कार्ड परत लाव,” प्रमुख म्हणाले. आता त्यांचा आवाज समजुतीचा होता, आणि तोच तिला सहन झाला नाही. “पत्र गटाच्या नावानं जातंय. तुझं नाव कुठेही येणार नाही.”

“घाला माझं नाव. सही कुणाची आहे ते लिहा त्यात.” तिनं कार्ड उलटं करून त्यांच्यासमोर धरलं. “आणि सर, ती नर्स माझी सख्खी ताई आहे. एकाच घरात राहतो आम्ही.”

प्रमुखांचा चेहरा लालबुंद झाला. “दीड वर्ष! दीड वर्ष मी त्या रुग्णालयाच्या पायऱ्या झिजवतोय, बोलायला एक नर्स द्या, एकच द्या म्हणून. आणि तू रोज तिच्या शेजारी बसून जेवत होतीस?”

तिनं लॅपटॉप उघडून भिंतीपाशी टेबलावर ठेवला, नोंदीचं पान काढलं आणि ताईला फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

“काय गं, आत्ता?” ताईचा आवाज दमलेला होता. “मी वॉर्डात आहे. चौकशी होईपर्यंत औषधांच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही म्हणालेत. चादरी बदलतेय.”

“ताई, त्या दिवशी तू नोंद कशी केलीस ते सांग. तू सांगशील तसं मी इथे भरते.”

पलीकडे चादर झटकल्याचा आवाज आला.

“आज विचारावंसं वाटलं होय?” ताई म्हणाली. मग सांगू लागली. “आधी हाताचा पट्टा बघायचा. त्यावरचा नंबर टाक. टाकलास? आता औषध निवड. मग किती दिलं ते… थांब हं, सात नंबरची बेल वाजतेय.”

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. पावलं लांब गेली. मग दुरून ताईचा आवाज आला, “उठू नका, उठू नका, मी धरते. अहो आजोबा, पडाल.” कुणीतरी खोकलं. पाणी ओतल्याचा आवाज आला. भिंतीसमोर सगळे उभेच होते. बैठकीची पंधरा मिनिटं केव्हाच उलटली होती, पण घड्याळाची आठवण कुणी करून दिली नाही. दाढी स्क्रीनकडे टक लावून बघत होता. तिथे नंबर होता, औषधाचं नाव होतं, आणि शेवटची चौकट रिकामी होती.

स्क्रीन काळी झाली. दाढीनं पुढे होऊन बटण दाबलं. पहिलं पान आलं, कोरं.

प्रमुखांनी हातातलं पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

पावलं परत जवळ आली.

“हं, बोल,” ताई म्हणाली. तिला धाप लागली होती. “कुठवर आलो होतो आपण?”

शंकाबाईनं हातातलं कार्ड ‘करायचं’च्या रकान्यात, सगळ्यांत वर लावलं. पट्टी नीट चिकटेना, म्हणून तिनं त्यावर तळहात दाबून धरला.

“पहिल्यापासून सांग, ताई,” ती म्हणाली. “सगळे ऐकतायत.”