दुसरी रेघ

मी बोलतेय ती एक कागदी पट्टी, बोटाएवढी. भाजीवर फवारलेलं औषध उरलंय का, एवढंच मला कळतं. बाकी काही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर फारसं वाटतही नाही.

माझा जन्म प्रयोगशाळेतला. शरीरात रोगजंतूंना धरून ठेवणारी प्रतिपिंडं असतात ना, तशी माझ्यातही आहेत, पण मुद्दाम घडवलेली. आधीची फार भोळी होती, कुणाच्याही गळ्यात पडायची. एका संशोधक बाईंनी त्यांची घडण बदलली, पुन्हा बदलली, जिवाणूंकडून ती वाढवून घेतली. शेवटी ती एकाच औषधाला ओळखू लागली.

"आता हिला दुसरं कुणी दिसणार नाही," बाई म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

तिथून मी मुलांच्या इस्पितळातल्या स्वयंपाकघरात आले. मुख्य स्वयंपाकीणबाईंनी मला पाकिटातून काढलं. समोर पालकाच्या जुड्या होत्या, त्यांच्या धाकट्या भावाच्या मळ्यातल्या. भाऊ दारातच उभा होता.

"ताई, घरच्या मालाची कसली परीक्षा?"

"सगळ्यांची घेते. तुझी सोडली तर लोक तोंडात शेण घालतील."

पानं वाटून, गाळून त्यांनी ते पाणी माझ्यावर टाकलं. एक रेघ नेहमीच उमटते, पट्टी शाबूत आहे एवढं सांगायला. दुसरी उमटली तर भाजी चांगली. औषध असलं की माझी प्रतिपिंडं त्यालाच धरून बसतात आणि दुसरी रेघ येत नाही.

आली नाही.

बाईंनी आणखी एक पट्टी घेतली. तिचंही तेच.

"अगं, धुतलं की जातं," भाऊ म्हणाला. "आमची पोरंही पालक खातात की!"

"ह्याच वाफ्यातला?"

तो चपलेने फरशी घासत राहिला. मग पुटपुटला, "घरासाठी वेगळा वाफा आहे."

बाई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत.

"जुड्या गाडीत भर."

"मग उद्या?"

"उद्या येऊ नकोस. कधीच नको."

"ताई, तुझ्या कडेवर वाढलोय मी."

"माहितेय."

गाडी गेली. बाईंनी हात धुतले आणि बटाटे सोलायला घेतले. मदतनीस काहीतरी विचारत होती. त्यांना ऐकूच गेलं नाही. पोतं संपलं तरी हात थांबेनात.

मी आता कचऱ्याच्या डब्यात आहे. ओली सालं अंगावर पडतात, रंग पसरत चाललाय. दुखत नाही.

जाता जाता एकच मागणं. आमचं उत्तर पटलं नाही तर दुसरी पट्टी जरूर घ्या. तिनेही तेच सांगितलं, तर तिसरी शोधत बसू नका.