कडता

"गप बस की जरा. मशीन चालू हाय."

"मी कुठं काय बोलले? ए गुरम्मा! चुका कसा लावलीस गं?"

ओसरीत खुर्चीवर बसलेल्या रत्नम्माच्या दंडावर पट्टा फुगत होता आणि रत्नम्मा फाटकाबाहेरच्या भाजीवालीशी भाव करत होती. धोंडप्पा समोरच्या स्टुलावर रक्तदाबाचं मशीन मांडून, पोतं चढवल्यावर काट्याकडे बघावं तसे त्या आकड्यांकडे बघत होते. मशीननं बारीक शीळ घातली. एकशे बहात्तर. खाली शंभर.

"किती?" रत्नम्मानं विचारलं.

"थांब. कडता धरू दे."

अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, धोंडप्पांनी उभं आयुष्य आडत चालवली. काट्यावर जो आकडा दिसतो तो खरा असतो, यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. त्यात बारदानाचं वजन असतं, माती असते, ओल असते. ते सगळं अंदाजानं वजा करायचं, म्हणजे कडता धरायचा, आणि उरेल तो निव्वळ माल. कडता बंद करण्याचा सरकारी हुकूम आला तेव्हा धोंडप्पांनी त्याची पाटी दुकानात ठळक लावली आणि पाटीखाली बसून कडता धरला. शेतकऱ्यांशी त्यांचं भांडण मात्र कधी झालं नाही, कारण त्यांचा कडता शेजाऱ्यापेक्षा थोडा कमी असायचा. प्रामाणिकपणाची त्यांची व्याख्या तेवढीच होती, आणि तिला ते आयुष्यभर जागले.

"कुंडीतल्या बेलाला पाणी घालाय जिना चढून माळवदावर गेलीस, त्याचे दहा गेले. चहा पिलीस, पाच. आन ही गुरम्मा, तिचे दहा. निव्वळ एकशे सत्तेचाळीस."

"मग बरंय की."

"बरं म्हंजे? असला माल मोंढ्यात हातोहात गेला असता."

मशीन आणलं होतं मुलीनं, मंजुश्रीनं. ती नांदेडला शाळेत शिकवते. आणलं होतं ते वडलांसाठी, तिच्या आप्पांसाठी. आप्पांचा स्वभाव बघता दाब त्यांचाच असणार, असा तिचा हिशेब. पण आप्पांचा आकडा वर्गातल्या हुशार पोरासारखा नेमका निघाला. ही गोष्ट त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितली, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही. मग गंमत म्हणून पट्टा रत्नम्माच्या दंडाला बांधला, आणि गंमत तिथंच संपली.

डॉक्टर देविका मॅडमनी एक गोळी सुरू केली आणि घरी मोजायची रीत समजावून सांगितली. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. जिना चढून आल्या आल्या मोजायचं नाही, चहावर मोजायचं नाही. मोजताना बोलायचं नाही. यातल्या कशानंही आकडा जास्त दिसू शकतो.

धोंडप्पांनी सगळं कान देऊन ऐकलं. अडचण एकच होती. रत्नम्माला पाच मिनिटं गप्प बसवणं हे तिच्या माहेरच्यांना जमलं नव्हतं, सासरच्यांना जमलं नव्हतं. तेव्हा धोंडप्पांनी व्यवहारी तोड काढली. या गोष्टींनी आकडा वाढतो ना? मग गोष्टी कशाला थांबवायच्या? आकड्यातूनच काढून टाकू.

पुढच्या खेपेला मॅडमनी विचारलं, "घरी किती येतंय?"

"एकशे पंचेचाळीसच्या आगंमागं. कवा चाळीस."

मॅडमनी स्वतः मोजलं, थांबून पुन्हा मोजलं. "आप्पा, इथं तर एकशे सत्तर येतंय."

"तुमाला बघून वाढतंय ओ ते. घरी न्हाई एवढं."

"होतं असं काही जणांचं. म्हणून तर घरचे आकडे आम्ही जास्त धरतो." मॅडम थोड्या घुटमळल्या. "पण नीट मोजता ना?"

"मॅडम, मापातच हयात गेली आमची."

यात खोटं काहीच नव्हतं. गोळी तीच राहिली.

बाहेर पायरीवर चप्पल घालताना रत्नम्मा म्हणाली, "कडत्याचं सांगितलं न्हाईत तुम्ही."

"डॉक्टरला काय कळतंय कडत्यातलं?"

रत्नम्मा हसली. तिलाही मोठी गोळी नकोच होती; तिच्या बहिणीचे पाय तसल्या गोळीनं सुजले होते. दोघं रमतगमत घरी आली. वाटेत रत्नम्मानं लिंबाचं लोणचं घेतलं. लोणच्याचे किती धरायचे, यावर दोघांचा घरापर्यंत वाद झाला आणि तीनवर तोड निघाली.

थंडीतली एक सकाळ होती. रत्नम्मा माळवदावरून उतरली ती कठड्याला धरून.

"डोस्कं लई जड पडलंय ओ."

धोंडप्पांनी पट्टा बांधला. गुरम्मा फाटकाशी येऊन ओरडली, पण रत्नम्मानं त्या दिवशी नुसता हात हलवला. मशीननं एकशे शहाण्णव दाखवलं. धोंडप्पांनी जिन्याचे दहा काढले, चहाचे पाच काढले. तरी आकडा बराच उरत होता. त्यांनी थंडीचे दहा धरले. मग विचार केला, डोकं दुखत असलं की दाब वाढणारच, आणि डोक्याचे वीस काढले.

"निव्वळ एकशे एक्कावन."

"मग पडू का जरा?"

"पड की."

पण चुलीवर वरण होतं, म्हणून ती आधी स्वयंपाकघरात गेली. डबा पडल्याचा आवाज आला.

"काय सांडलीस गं?" धोंडप्पांनी ओसरीतूनच विचारलं.

त्या घरात रत्नम्माला विचारलेला प्रश्न बिनउत्तराचा कधी राहिला नव्हता. धोंडप्पा मशीन तसंच टाकून आत धावले.

लातूरच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "मेंदूत रक्तस्राव झालाय. घरी बीपी किती असायचं?"

मंजुश्री नांदेडहून तशीच निघून आली होती, शेजारी उभी होती. धोंडप्पांनी तोंड उघडलं.

"कडता धरून, का..."

"कसला कडता?"

त्यांनी सांगितलं. बारदानापासून सुरुवात केली, कारण त्याशिवाय समजलं नसतं. मग जिना, चहा, गुरम्मा. शेवटी डोक्याचे वीस. डॉक्टरचं पेन मध्येच कुठंतरी थांबलं होतं.

"आप्पा," मंजुश्री हळू म्हणाली, "मला फोनवर सांगत होतात ते?"

"निव्वळ," धोंडप्पा म्हणाले.

ती आत जाऊन आईच्या उशाशी बसली. पुढंही तिनं तो विषय कधी काढला नाही. काढला असता, चार शब्द तोडून बोलली असती, तर धोंडप्पांना बरं वाटलं असतं. वर्षानुवर्षं आडतीत बसलेल्या माणसाला भांडण पचतं, गप्प बसलेलं गिऱ्हाईक पचत नाही.

रत्नम्मा वाचली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले. धोंडप्पांना ते सांगायची गरज नव्हती. ती डोळे वटारायची, तेव्हा पूर्वीइतकंच कळायचं.

आता बेलाला पाणी ते घालतात. रोज सकाळी रत्नम्माला ओसरीत खुर्चीवर बसवतात. पाठ टेकलेली. दोन्ही पाय जमिनीला. डाव्या हाताखाली टेबल, त्यावर घडी घातलेला टॉवेल, पट्टा काळजाच्या रेषेत. चहा नंतर. पाच मिनिटं थांबायचं. सगळं मॅडमनी सांगितलं होतं तसं. रत्नम्माही सांगितलं होतं तशी, एक शब्द न बोलता बसते.

आज मशीननं शीळ घातली. एकशे अठ्ठावीस, खाली ऐंशी. धोंडप्पांनी नांदेडला फोन लावला.

"एकशे अठ्ठावीस. हाव, पुरा आकडा. कायबी काढलं न्हाई."

"चांगलंय, आप्पा. पुन्हा एकदा मोजा. आई बोलली का काही?"

"न्हाई. गपच हाय."

त्यांनी फोन ठेवला आणि मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा बटण दाबलं. पट्टा फुगू लागला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आरोळी आली, "मेथी, अंबाडीऽऽ, चुकाऽऽ." गुरम्मा फाटकाशी आली आणि सवयीनं थांबली. रत्नम्मानं मान वळवली. तिचे ओठ जरासे हलले, मग राहिले.

धोंडप्पा स्टुलावरून पुढं झुकले.

"बोल की गं," ते म्हणाले. "मी दहा धरतो."

पट्ट्यातली हवा हळूहळू सुटत गेली. गुरम्मानं टोपली उतरवली, चुक्याची एक जुडी फाटकावर ठेवली, आणि भाव न सांगता पुढं गेली.