मनातली घडी

मास्तर त्या दिवशी व्यायामाच्या खोलीत शिरले ते गाडी चुकणार असल्यासारखे. मागून बायको पिशवी सांभाळत येत होती. "अहो, हळू! खोली कुठे पळून जात नाहीये."

मास्तरांना दम कुठला निघायला? पक्षाघात झाल्यापासून डावा हात आडमुठेपणा करत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे डावीकडचं जगच त्यांच्या लक्षातून उतरलं होतं. डोळे धड होते, पण तिकडे वळतच नव्हते. ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच राही, आणि वर बायकोलाच विचारत, "आज भाजीला सुट्टी का?" जन्मभर शिंपीकाम केलेल्या या माणसाची कात्री तिनं कपाटात कुलूपबंद केली होती. दवाखान्यातली थेरपिस्ट मुलगी म्हणाली होती, "रेघेचा मध्य बिनचूक दाखवा, त्या दिवशी कात्री तुमची."

तीच परीक्षा आज पुन्हा होती.

मुलीनं समोर कागद ठेवला. कागदभर एक आडवी रेघ. "करा खूण, मास्तर."

आजवर खूण दर वेळी उजवीकडे घसरली होती. मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला, कागद उचलला आणि टोकाला टोक जुळवून सरळ दुमडला.

"कॉपी करतोय! मॅडम, पकडा त्याला!" शेजारच्या टेबलावर भोकांत खुंट्या बसवणारे म्हातारे बसड्रायव्हर ओरडले.

"तू तुझी गाडी हाक रे!"

मुलगी मात्र त्या घडीकडे बघतच राहिली. "मास्तर, डावं टोक सापडलं कसं तुम्हाला?"

"त्यात सापडायचं काय? टोकाला टोक लावल्याशिवाय घडी बसते होय?"

"अहो, तेच टोक शोधा म्हणून मी रोज तुमच्या मागे लागलेय!" तिनं नवा कागद ठेवला. "आता दुमडायचं नाही. घडी मनात घाला."

मास्तरांनी उजवा अंगठा रेघेच्या उजव्या टोकावर टेकवला. डावा हात रखडत, थबकत निघाला. त्याच्या मागोमाग मान वळली, आणखी वळली, टोकापर्यंत गेली. डावा अंगठाही टेकला. मग पेन्सिल उचलून त्यांनी खूण केली. पण त्यांची मान तशीच डावीकडे राहिली. तिकडच्या स्टुलावर बायकोची पिशवी होती, आणि पिशवीतून दोन काळ्या मुठी डोकावत होत्या.

"अगं, तू कात्री आणलीस?"

"दिसली?" बायकोचा आवाज चिरकला. "मुद्दाम ठेवली होती हो त्या बाजूला!"

"दिसली म्हणजे काय, चांगली दिसली!"

ड्रायव्हरांनी टेबलावर अशी थाप मारली की सगळ्या खुंट्या उडाल्या. बायको कात्री काढायला धावली, तर मास्तरांनी हात वर केला.

"थांब. आधी माप."

मुलीनं पट्टी लावली. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. "मधोमध! अगदी मधोमध!"

"आता घ्या," बायकोनं डोळे पुसत कात्री पुढे केली. "आणि आज भाजी राहिली ना ताटात, तर बघा!"