चिंचदऱ्याची शीव

मकसूदभाईंचं सायकलीचं दुकान मंगळवारी बंद. त्याला लागून असलेलं संगमेश्वरचं मोबाईलचं दुकानही मंगळवारीच बंद. म्हणून उदगीरच्या या तिघांची (तिसरी संगमेश्वरची बायको वर्षाराणी) लांबची सायकलस्वारी पाच वर्षं मंगळवारीच निघत आली. उजाडता उजाडता निघायचं, जळकोट मागं टाकायचं, बालाघाट उतरायचा आणि कंधारचा किल्ला बघून माघारी फिरायचं. मंगळवार आपलाच, असं त्यांना वाटायचं. आखाडातला मंगळवार गावोगावी आधीच कुणाचा तरी असतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. वर्षाराणीच्या तरी यायला हवं होतं. ती गोठ्यात वाढलेली पोर.

त्या दिवशी आभाळ इतकं खाली आलं होतं की माळावरची एकटी पळसाची झाडं त्याला टेकू दिल्यासारखी उभी होती. सोयाबीन वीतभर झालेलं. कोळप्याचे दिवस, पण रानात एक माणूस नाही. वाटेत बैलगाडी नाही, ट्रॅक्टर नाही. चाकांचा ओला आवाज तेवढा तिघांच्या संगतीला.

"आज सगळे कुठं गेले?" वर्षाराणी म्हणाली.

"तुला बघून आत पळाले," संगमेश्वर म्हणाला. "हेल्मेट घालून तू लई भारी दिसतेस."

घाटमाथ्यावर रस्ता फुटतो. नवा मोठा रस्ता वळसा घालून जातो; जुना अरुंद रस्ता चिंचदऱ्याच्या उतारानं सरळ खाली. तिघं नेहमी जुन्यानं जायचे, कारण त्याच्या कडेला एक पडकं महादेवाचं देऊळ, पायऱ्यांची बारव, नि पुढं गावाच्या शिवेवर वीरगळ होती. ढाल-तलवार घेतलेला कुणी जुना माणूस त्या दगडावर कोरलेला. फाट्यावर आज बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या.

"डांबर टाकून राहिले असतील," संगमेश्वर म्हणाला. त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि काट्यांवरून पलीकडं ठेवली.

तेवढ्यात वर्षाराणीचं मागचं चाक बसलं. मकसूदभाईंनी टायर चाचपून बाभळीचा काटा काढला. "घ्या मॅडम. रस्त्यानं नजराणा दिला."

"तुम्ही काढा पंक्चर, मी गावात थांबतो," संगमेश्वर म्हणाला. चढाला तो सगळ्यात मागं राहायचा, त्याचं उट्टं उताराला काढायचा. उतारावर ब्रेक लावायला त्याला लाज वाटायची. मागल्या साली त्यात गळ्याजवळचं हाड मोडलं, तरी तो सुधारला नव्हता. बघता बघता त्याचा पिवळा सदरा पहिल्या वळणाआड गेला.

फाट्यावर शिवप्पाचं हॉटेल आहे, चार पत्र्यांचं. चहा गाळता गाळता त्यानं विचारलं, "तुमचा तो माणूस कुठं गेला?"

"खाली. चिंचदऱ्याला."

शिवप्पाचा हात थांबला. "काटे बघून बी गेला? आज गाव बांधलंय, बाई, आत-बाहेर बंद. जनावराला गाठी आल्यात. रोगराई शिवंपार घालवायला आईचा गाडा काढून राहिले खालच्या अंगानं. वरच्या शिवंला तार बांधली."

"तार?"

"मागच्या मंगळवारी सुंभाची दोरी होती. टिप्परवाल्यानं तोडून नेली. पुन्हा पाच जनावरं पडली. म्हणून आज तार." त्यानं आपल्या छातीवर आडवा हात ठेवला. "एवढ्या उंचीवर. वळण संपलं की लगेच."

वर्षाराणीनं तो हात बघितला आणि मनातल्या मनात नवऱ्याला सायकलवर वाकवलं. वाकल्यावर छाती उरत नाही. गळा येतो.

तिनं फोन लावला. उतारावर रेंज नसते, हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं तीनदा लावला. मकसूदभाईंनी हवा भरून चाक घट्ट बसवलं होतं. त्यांचा गुडघा उताराला साथ देत नसे. ते एवढंच म्हणाले, "जाव मॅडम. ब्रेक दोन्ही लावा. मी मागून हाय."

ती काट्यांवरून गेली आणि सुटली. ओला रस्ता, शेवाळाचे पट्टे, एका हाताला दरी. सायकलनं अशी ती कधी उतरली नव्हती. पहिलं वळण, दुसरं. प्रत्येक वळणाला तिला पिवळं काहीतरी दिसे, आणि जवळ गेल्यावर ते तरवडाचं फूल निघे. पडकं देऊळ तिच्या डाव्या अंगानं निघून गेलं, बारव गेली. खालून हलगी ऐकू येत होती. लांब, एका ठेक्यात, न थकता. सातव्या वळणावर तिनं दोन्ही ब्रेक आवळले. चाक घसरलं, सावरलं, आणि सायकल तारेपासून हातभर अंतरावर उभी राहिली.

तार जशीच्या तशी होती. लिंबाचे डहाळे तिच्यावर ओळीनं बांधलेले, मधोमध नारळ, हळदीनं माखलेला. रस्त्यावर काही नव्हतं. रक्त नव्हतं, सायकल नव्हती. तारेचं एक टोक बाभळीला पिळलेलं. दुसऱ्या टोकाचा आकडा वीरगळीच्या खिळ्यात अडकवलेला, आणि त्या आकड्यावर हात ठेवून तारेच्या पलीकडं एक म्हातारी बसली होती. ती तोंडातल्या तोंडात म्हणत होती,

आई निघाली गावाला, गाडा शिवंच्या पल्याड
माझ्या दावणीची जोडी, ठेव पदराच्या आड

"आजी, इथून कुणी गेलं? सायकलवरून?"

"कोण जाईल? बांधलेल्या शिवंतून नुसतं वारं जातंय, लेकी. बस. दम खा. मी साखराबाई. आकड्यापाशी बसायचा मान आमच्या घराला हाय."

वर्षाराणीनं हेल्मेटचा पट्टा सैल केला. तो खाली आला नव्हता. वाटेत कुठंतरी थांबला होता, जिवंत होता. तिला हसू आलं, आणि ते ओठांवर यायच्या आत तिला देऊळ आठवलं. देवळाचा उंच ओटा, जिथं तो दर खेपेला पाणी प्यायला टेकायचा. त्याच्या आडोशाला माणूस बसला तर रस्त्यावरून दिसत नाही. पण त्याला रस्ता दिसतो. त्यानं तिला जाताना बघितलं असणार. पाच वर्षं उताराला मागं राहणारी बायको आज पुढं गेलेली बघून तो काय करेल, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

वरून आवाज आला. त्याच्या मागच्या चाकाची किरकिर, रातकिड्यासारखी, न थांबणारी. मकसूदभाईंनीच बसवलेलं चाक ते. दोन वळणं वर.

पळत वर जावं तर वळण तीस पावलांवर, आणि तिथं आडवी उभी राहिली तर तो ब्रेक मारेल आणि ओल्या रस्त्यावरून सरळ दरीत जाईल.

"आजी, तार सोडा."

"हलगी वाजती न्हाई का? गाडा अजून आमच्याच रानात हाय. खालची शीव वलांडली, हलगी थांबली, की मग सोडायची."

"माझा नवरा येतोय वरून. थांबणार नाही तो. मान कापली जाईल त्याची."

साखराबाईनं तिच्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते, खूप जागलेले. "डॉक्टरनं लस दिली, सुई दिली. ते त्याचं. हे आपलं. माझा खिलाऱ्या बैल तीन दिस झाले बसल्या जागी हाय. तो बी कुणाचा तरी हाय की न्हाई?"

किरकिर एका वळणावर आली.

"मी सोडणार न्हाई," साखराबाई म्हणाली. "माझ्या हातानं न्हाई." आणि आकड्यावरचा हात तिनं उचलून मांडीवर ठेवला.

वर्षाराणीनं तारेवरून हात घालून आकडा ओढला. तार ताठ होती. ती सुटली तशी नारळासकट रस्त्यावर आदळली, लिंबाचे डहाळे चिखलात पडले. तिनं आपली सायकल कडेला खेचली. त्याच क्षणी संगमेश्वर वळणातून बाहेर आला, हँडलवर छाती टेकून, डोळे बारीक करून. चाकाखाली डहाळे चिरडले. "लबाडी केलीस वर्षे," तो हसत म्हणाला, आणि गावात शिरून दिसेनासाही झाला.

"थांबा, अहो," ती म्हणाली.

साखराबाई उठली नाही. बसल्या बसल्या तिनं तार ओढून घेतली, डहाळ्यांचा चिखल पदरानं पुसला, आकडा परत खिळ्यात घातला. दोघी ऐकत राहिल्या. घराघरांना कड्या, सगळं गाव गाड्याच्या मागं. संगमेश्वरची किरकिर त्या रिकाम्या गल्लीतून बारीक होत गेली.

मग हलगी थांबली. ठेका पुरा न होता, मधेच.

"सुटली का शीव?" वर्षाराणीनं विचारलं.

"एवढ्यात कशी सुटल. तुझा माणूस पोचला तिथं." साखराबाईनं मान हलवली. "बांधलेल्या गावातून बाहेर निघालेला बघितला त्यांनी."

"मारतील?"

"छ्या. का मारतील? आपली माणसं हायत ती. कुंकू लावतील, पाणी देतील. आणि गाडा त्याच्या हाती देतील. आईच्या मागून जो निघाला तो तिचा. त्यानं वढायचा पुढल्या शिवंला, तिथनं त्याच्या पुढल्या. एखादं गाव गाडा घेईल तिथवर."

"आणि कुणीच घेतला नाही तर?"

साखराबाईनं तारेवरचा एक डहाळा नीट केला. "माझ्या सासऱ्याच्या वक्ताला एक भांडेवाला असाच निघाला होता," ती म्हणाली. "भला माणूस. तेलंगणाच्या अंगाला गाडा घेऊन जाताना दिसला म्हणत्यात. त्याची भांड्याची पाटी लई दिस पारावर होती. कुणी हात लावला न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू हितंच बस, माय. तू अजून अल्याड हायस. तुझं कुणाला काय सांगायचं न्हाई मला."

वर मकसूदभाईंची हाक ऐकू आली, "मॅडम, वो मॅडम," सावकाश, वळणावळणानं जवळ येणारी. वर्षाराणीनं सायकल उचलली, तारेवरून पलीकडं ठेवली, आणि वाकून स्वतः खालून गेली. लिंबाचा ओला पाला मानेला लागला.

गल्लीत एका गोठ्यात खिलाऱ्या बसलेला होता. त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. ती जोरात पायडल मारू लागली. गावाच्या पलीकडं हलगी पुन्हा सुरू झाली होती. पण आता तिचा ठेका चालणाऱ्या माणसाच्या पायांचा होता, आणि वर्षाराणी जितकी पुढं जाई तितका तो लांब सरकत होता.