करडाचा सड

"वास तर शेळीच्या दुधाचाच हाय," बंकट पेला नाकाशी धरून म्हणाला. "पण शेळी कुठं हाय?"

ग्रामसभेत हशा पिकला. समोर माइक धरून उभी असलेली शास्त्रज्ञ उज्ज्वला त्याचीच मुलगी. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिनं जनावराशिवाय दूध तयार केलं होतं. हे काम कंपन्यांच्या हाती गेलं तर बाटलीतल्या पाण्यासारखं दूधही गावाला त्यांच्याकडूनच विकत घ्यावं लागेल. त्याआधी असं दूध बनवणाऱ्या, पंचायतीच्या मालकीच्या टाक्या गावोगाव हव्यात, सरकारनं तसा कायदा करावा, एकही पोर उपाशी झोपू नये, असं ती तळमळून सांगत होती. पहिली टाकी इथं, चकलांब्यात. जागा मात्र गायरानातली लागणार होती.

गायरानात आता एकट्या बंकटच्याच शेळ्या चरत. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"ह्यात करडाचा वाटा कुठला म्हणायचा?" त्यानं विचारलं. शेळीला दोन सड. एक माणसाचा, एक करडाचा. दुसऱ्याला त्यानं जन्मात हात लावला नव्हता, लहानपणी उज्ज्वला तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा.

"टाकीला करडू नसतं, आबा."

कायदा बंकटच्या डोक्यावरून गेला होता, कंपन्याही. टाकी गावात आली म्हणजे पोरगी गावात येणार, एवढं मात्र पक्कं कळलं होतं. बायको गेल्यापासून सहा वर्षं घर त्याला खायला उठत होतं. त्यानं हात वर केला. मग सगळ्यांनीच केला.

घरी आल्यावर त्याची जीभ कधी नव्हे ती सैल सुटली. "गोठ्याच्या अंगाला तुला खोली काढू. खिडकी गायरानाकडं ठिवू, टाकी दिसंल."

बॅग भरता भरता उज्ज्वला थांबली. "आबा, टाकीला माणूस लागत न्हाई. पुण्यात बसून फोनवर चालती. सभेत सांगितलं की मी."

"सांगितलं आसंल. माझंच ध्यान नव्हतं."

"मग हात कशापायी वर केला तुमी?"

"दूध लई चांगलं हाय की," बंकट म्हणाला.

तिनं बॅगेची चेन लावली. मग पाया पडली आणि पाचच्या एसटीनं गेली.

धारेची वेळ झाली होती. बंकट चरवी घेऊन शेळीपाशी बसला. जरा वेळानं उठला आणि करडाचं दावं सोडलं. ते ढुशा देत आपल्या सडाला लागलं, मग माणसाच्याही. त्यानं अडवलं नाही. रिकामी चरवी मांडीवर घेऊन तो करडाचं पिऊन होईपर्यंत बसून राहिला.