पेटाऱ्यातल्या मुलीची गोष्ट

मावशी ऐकणारा बघून गोष्टीचा शेवट बदलते, हा भाचीच्या शोधनिबंधाचा सगळा आधार होता. तिने निबंध पाठवला होता त्या नियतकालिकाच्या परीक्षकांनी पुरावा म्हणून एकाच गोष्टीचं दुसरं, वेगळ्या शेवटाचं ध्वनिमुद्रण मागितलं होतं. ते दिलं नाही, तर निबंध परत येणार होता.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाचीने रेकॉर्डर ठेवला. मावशीने घसा खाकरून पेटाऱ्यात कोंडलेल्या मुलीची गोष्ट सांगितली. मावशीच्या गोष्टी ऐकून भाचीने काढलेल्या पुस्तकात छापली होती तशीच, शब्दाला शब्द.

“मावशी, जरा वेगळी सांग ना.”

“आता नाही गं जमत. परवा जरा इकडचं तिकडे केलं, तर नातीने पुस्तक आणून बोट ठेवलं. म्हणते, आजी, तुझीच गोष्ट तुला येत नाही.”

“पुस्तक माझं आहे. मी सांगते, खुशाल बदल.”

“तुझं आहे म्हणूनच तर अडकलेय, बाई.”

भाचीने रेकॉर्डर बंद केला. “बरं, आम्ही लहान असताना सांगायचीस तशी सांग. फक्त मला.”

मावशीने डोळे मिटले आणि सुरुवात केली. मुलगी पेटाऱ्यात गेली, झाकण बंद झालं, आणि मावशी थांबली. बराच वेळ तिचे नुसते ओठ हलत राहिले.

“पुढे काय व्हायचं गं तेव्हा?” तिने विचारलं.

भाचीने आठवायचा खूप प्रयत्न केला. तिच्याही डोक्यात फक्त छापलेलंच वाक्य येत होतं.